कॉलेजातून चिप टेपआउट करायचीय (म्हणजे डिझाइन पूर्ण करून बनवायला पाठवायचीय)? मग टेस्टिंगपासून सुरुवात करा

एमटेक व्हीएलएसआयला (चिप डिझाइनला) आलेली पोरं पहिल्याच आठवड्यात विचारतात, दादा कॅडेन्सच्या डिझाइन सॉफ्टवेअरचं क्रॅक कुठं मिळेल. अरे क्रॅक कशाला, आधी डिपार्टमेंटमध्ये विचारा की आपलं कॉलेज चिप्स टू स्टार्टअप मध्ये आहे का. केंद्राच्या आयटी मंत्रालयाची योजना आहे, 85,000 इंजिनिअर तयार करायचं टार्गेट आहे, आणि बंगळुरूच्या सीडॅक या सरकारी संस्थेतल्या चिपइन सेंटरकडून कॅडेन्स, सिनॉप्सिस, सीमेन्सची टूल्स देशभरातल्या कॉलेजांना मिळतात. एकट्या कॉलेजला ही लायसन्स झेपतच नाहीत ना. अमेरिकेत मोसिस 1981 पासून कॉलेजांच्या चिपा एकत्र बनवून देतंय, युरोपात टूल्स आणि चिप बनवणं दोन्हीसाठी युरोप्रॅक्टिस आहे, आपल्याकडं पण 1998 पासून एसएमडीपी ही सरकारी योजना होतीच.

लायसन्स लांबच्या सर्व्हरवरून येतं, म्हणजे कॉलेजच्या फायरवॉलनं पोर्ट अडवला की सगळं ठप्प, त्यामुळं लॅबच्या सिस्टीम ॲडमिनशी दोस्ती ठेवा (हे कुठल्याच सिलॅबसमध्ये नसतं). आणि काम झालं की टूल बंद करा, रात्रभर व्हर्चुओसो (कॅडेन्सचं डिझाइन टूल) उघडं ठेवून झोपायला गेलात की दुसरा कुणीतरी लायसन्ससाठी ताटकळत बसतो.

टूल्सनंतर लागतं पीडीके, म्हणजे फॅबची (चिप बनवणाऱ्या कारखान्याची) मॉडेल्स आणि डिझाइन रूल्स. त्यासाठी गाइडमार्फत एनडीएवर (गुप्ततेच्या करारावर) सही होते. मग लेआउटचा (चिपच्या नकाशाचा) झूम केलेला स्क्रीनशॉट लिंक्डइनवर नाही, पीडीकेच्या फाइल्स गिटहबवर तर अजिबात नाही, थीसिसमध्ये काय छापायचं तेही गाइडला विचारून. सही होईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका, स्कायवॉटर या फॅबचं 130 नॅनोमीटरचं पीडीके 2020 पासून ओपन आहे, एक्सस्कीम, एनजीस्पाइस, मॅजिक ही टूल्स फुकट आहेत, त्यावर एक ऑपअँप (ॲम्प्लिफायरचं सर्किट) लेआउटसकट करून बघा.

आता फॅब. मास्क सेट (चिपचे थर छापायचे साचे) भयंकर महाग असतो म्हणून बऱ्याच कॉलेजांची डिझाइन्स एकाच वेफरवर (सिलिकॉनच्या चकतीवर) बसवतात, त्याला शटल म्हणतात. आपल्या वडापसारखंच, भाडं सगळ्यांत वाटून, फक्त ही गाडी ठरल्या तारखेला सुटते आणि कुणासाठी थांबत नाही. चिपइनची बरीच डिझाइन्स मोहालीच्या एससीएल या सरकारी फॅबमध्ये 180 नॅनोमीटरवर बनतात. 180 म्हणजे जुनं तंत्र म्हणून नाक मुरडणारे भेटतील, त्यांना सांगा की आयआयटी बॉम्बेचा अजित आणि आयआयटी मद्रासचा शक्ती हे प्रोसेसर तिथंच बनलेत. ॲनालॉग आणि सेन्सरवाल्यांना तर 180 मस्त चालतं.

तारखेआधीचे शेवटचे दिवस डीआरसी (डिझाइन रूल्स पाळलेत का), एलव्हीएस (लेआउट सर्किटच्या आकृतीशी जुळतो का), अँटेना आणि मेटल डेन्सिटीच्या तपासण्यांत जातात. ब्लॉक (चिपचा एक भाग) क्लीन आहे म्हणून निवांत राहू नका, पॅड रिंग (बाहेरच्या पिनांना जोडणारी कडेची पॅडं) जोडली की नवे एरर निघतात. म्हणून ब्लॉक अर्धवट असला तरी पॅडसकट पूर्ण चिप एकदा डीआरसीतून काढा.

पण खरी गोची चिप परत आल्यावर होते. फॅबला महिने लागतात, तोवर तुमचा थीसिसचा डिफेन्स झालेला असतो किंवा नोकरी लागलेली असते आणि डबीतल्या चिपांना मापायला कुणी नसतं. म्हणून स्कीमॅटिक (सर्किटची आकृती) काढायच्या आधी एका कागदावर लिहा की ही चिप टेबलावर आली की मी नक्की काय मोजणार, कुठल्या इन्स्ट्रुमेंटवर, आणि त्यासाठी किती पिना लागतील. ॲनालॉग असेल तर बायस करंट (सर्किट चालू ठेवणारा ठरलेला करंट) बाहेरून देता येईल अशी सोय ठेवा, आतला बँडगॅप (स्थिर व्होल्टेज देणारा भाग) बंद पडला तरी बाकीचं सर्किट तरी तपासता येतं. आतले दोनतीन महत्त्वाचे नोड (सर्किटमधले जोडबिंदू) बफर लावून बाहेर काढा, नुसता नोड पॅडला जोडलात तर पॅड आणि प्रोबच्या कपॅसिटन्सनंच सर्किट बदलतं. डिजिटल असेल तर स्कॅन चेन (आतल्या फ्लिपफ्लॉपमधलं बाहेर वाचायची साखळी) घाला आणि क्लॉक बाहेरून द्यायचा पर्याय ठेवा. कोअर (आतलं सर्किट) आणि आयओचे (पिनांकडच्या भागाचे) सप्लाय वेगळे ठेवा, नाहीतर करंट कोण खातंय ते कळणारच नाही.

पॅकेज कुठलं आणि बाँडिंग डायग्राम (कुठला पॅड पॅकेजच्या कुठल्या पिनेला जोडायचा त्याची आकृती) कोण काढणार हे टेपआउटच्या आधीच ठरवा. टेस्ट बोर्ड फॅबच्या वाट बघण्याच्या काळात बनवून घ्या, सॉकेटवाला बनवा, आणि पिनआउट, सप्लाय कुठल्या क्रमानं चालू करायचे, पोस्ट लेआउट सिम्युलेशनमध्ये काय आकडे आले होते हे सगळं एका फाइलमध्ये लिहून ज्युनिअरला द्या, कारण बहुतेक वेळा मोजणारा तोच असतो.