लुक इनसाइड लावण्याआधी आपले गार्ड बघा

बझरबीटर या ऑनलाइन बास्केटबॉल मॅनेजर खेळात नवा संघ घेतला की पहिल्याच आठवड्यात कोणीतरी जाणकार सांगतो, "डोळे झाकून लुक इनसाइड लाव, खालच्या डिव्हिजनला दुसरं काही लागत नाही." लुक इनसाइड म्हणजे रिंगजवळून शॉट घ्यायची आक्रमणाची चाल. सल्ला खोटा नाही, पंचाईत तीच आहे. खाली निम्मे संघ वाऱ्यावर सोडलेले असतात, इनसाइड डिफेन्स, म्हणजे रिंगजवळचा बचाव, कुणाकडेच धड नसतो. एक बरा सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू, विकत घ्या, तो एकटा रिंगखाली धुमाकूळ घालतो. तुम्ही जिंकता, वर जाता आणि खेळ आपल्याला कळला असं वाटू लागतं.

वरच्या डिव्हिजनला तोच सेंटर, तीच चाल, आणि सामन्यामागून सामने हातचे जातात. आपण म्हणतो, सेंटर कमी पडला. मग आणखी महागडा सेंटर. लिलावात पैसे ओतले, पगाराचा बोजा वाढला, निकाल जिथल्या तिथे. मी बराच काळ याच चरकात होतो, म्हणून इथे जरा रेंगाळतो. ज्यांना हे आधीच माहीत आहे त्यांनी पुढचा परिच्छेद ओलांडला तरी चालेल. नव्यांनी दोनदा वाचा.

इनसाइड चाल म्हणजे सेंटरची चाल नव्हे. चेंडू रिंगखाली आपोआप उगवत नाही, गार्ड, म्हणजे बाहेरून चेंडू खेळवणारे खेळाडू, तो तिथवर नेतात. समोरच्या गार्डांचा आउटसाइड डिफेन्स चांगला असेल आणि चेंडू पुढे आणणाऱ्या तुमच्या पॉइंट गार्डचं पासिंग आणि हँडलिंग (चेंडूवरचा ताबा) रडतखडत असेल, तर चेंडू वाटेतच जातो. नाहीतर शॉट क्लॉक, म्हणजे शॉट घ्यायची मुदत, संपत आल्यावर कुणीतरी घाईत फेकतो. दुसरं म्हणजे लुक इनसाइड लावल्यावर गार्डसुद्धा आत घुसून शॉट घेतात. मी गार्ड घेताना जम्प शॉट (उडी मारून लांबून घेतलेला शॉट) आणि जम्प रेंज (त्याचा पल्ला) बघायचो, इनसाइड शॉटच्या रकान्याकडे नजरही जात नसे. तिथे 'पिटिफुल' लिहिलेलं असायचं, म्हणजे वीसांच्या मोजपट्टीवर दोन. असा गार्ड ड्राइव्ह करून आत गेला तरी लेअप, म्हणजे रिंगजवळचा सोपा शॉट, कुठला पडायला! सामन्यानंतर बॉक्स स्कोअर (खेळाडूवार आकड्यांचा तक्ता) उघडा आणि सेंटरचे गुण बाजूला ठेवून दोन्ही गार्डांनी किती शॉट घेतले, किती पडले आणि टर्नओव्हर (समोरच्याला दिलेले चेंडू) किती झाले एवढंच बघा. मग टीम रेटिंगमधला ऑफेन्सिव्ह फ्लो, म्हणजे आक्रमणाचा ओघ, बघा, तो मुख्यतः पासिंगवर चालतो. इनसाइड स्कोअरिंगचा आकडा भरघोस आणि फ्लो तळाला, असं चित्र दिसलं तर नवा सेंटर घेऊन काहीही होणार नाही. पुन्हा सांगतो, काहीही होणार नाही.

आता दिलाशाची गोष्ट. गार्डचा पगार मुख्यतः बाहेरच्या कौशल्यांवर ठरतो, त्यामुळे इनसाइड शॉट असलेला गार्ड पगाराला फारसा जड जात नाही. सेंटरचं उलटं. इनसाइड शॉट, इनसाइड डिफेन्स, रिबाउंडिंग (हुकलेला चेंडू पकडणं) वर चढवत गेलात की नव्या हंगामाच्या सुरुवातीला पगार नव्याने ठरतो आणि तोंडाला फेस येतो. थोडा कमी सेंटर आणि आत घुसता येणारे गार्ड, हा संघ स्वस्तही पडतो आणि जिंकतोही.

मग आउटसाइड का नाही? जरूर खेळा. मोशन, रन अँड गन, प्रिन्स्टन या तिन्ही बाहेरच्या चाली. रन अँड गन वेगवान, प्रिन्स्टन संथ. पण दोन चांगले शूटर आहेत म्हणून मोशन लावणं ही तीच चूक, फक्त उलट्या बाजूने. फॉरवर्ड (गार्ड आणि सेंटर यांच्यामधले खेळाडू) आणि सेंटर यांनाही जम्प शॉट लागतो, आणि रिबाउंड सोडून चालत नाही. असे उंच खेळाडू बाजारात सहज मिळत नाहीत, घडवावे लागतात. तेही अठरा-एकोणीस वर्षांचे असतानाच, कारण वय वाढलं की प्रशिक्षण मंदावतं.

घडवणं म्हणजे काय, तेही ऐका. पासिंगचं प्रशिक्षण पॉइंट गार्डच्या जागेवर मिळतं. म्हणजे सात फुटी पोराला पासिंग शिकवायचं तर त्याला प्रत्यक्ष सामन्यात पॉइंट गार्ड म्हणून उभं करा आणि आठवड्याला पूर्ण अठ्ठेचाळीस मिनिटं द्या. समोरचा चपळ गार्ड त्याला लीलया चकवणार, चेंडू त्याच्या हातून सुटणार, तुम्ही स्क्रीनसमोर कपाळावर हात मारणार. त्यात उंच खेळाडू बाहेरची कौशल्यं सावकाश शिकतो. शुक्रवारी ट्रेनिंगचा निकाल येतो तेव्हा कधी एक पायरी वर, कधी काहीच नाही. हे सोसायची तयारी नसेल तर सरळ इनसाइड खेळा, त्यात कमीपणा नाही.

गुरू मंडळींबद्दल एक. "माझी लाइनअप जशीच्या तशी उचल" म्हणणारा असेल तर लांबूनच नमस्कार करा. त्याचे खेळाडू तुमच्याकडे नाहीत. तुमचा हरलेला सामना उघडून "हा गार्ड इथे का?" असं विचारणारा भेटला तर त्याला सोडू नका, खवचट असला तरी. बहुतेक वेळा असे लोक खवचटच असतात.

वर गेल्यावर एकाच चालीला चिकटून राहणंही महागात पडतं. गेम डे प्रेपरेशनमध्ये, म्हणजे सामन्याआधीच्या तयारीत, प्रतिस्पर्धी तुमच्या चालीचा रोख (आत की बाहेर) आणि वेग ओळखायचा प्रयत्न करतो. ओळखला तर त्याचा फायदा, चुकला तर त्याचंच नुकसान. तुम्ही दर शनिवारी लुक इनसाइडच लावत असाल तर त्याला डोकं लढवावंच लागत नाही. वर तो टू-थ्री झोन (दोन पुढे, तीन रिंगजवळ असा बचाव) लावून रिंगखाली गर्दी करतो ती वेगळीच. संघ थोडा समतोल असेल तर मधूनच एखादा सामना मोशनवर काढता येतो. घरच्या मैदानावर, तगड्या संघाविरुद्ध, तो गाफील असताना.

हा बदल पहिल्यांदा लीग सामन्यात करू नका. चषकातून लवकर बाहेर पडलात की आठवड्याच्या मध्यात स्क्रिमेज, म्हणजे सराव सामने, मिळतात, त्यांचा निकाल कुठेच धरला जात नाही. तिथे एकदा लुक इनसाइड, एकदा मोशन, खेळाडू शक्यतो तेच. प्रतिस्पर्धी साधारण सारख्या ताकदीचे निवडा, नाहीतर तुलनेला अर्थ नाही. आणि मिनिटांवर लक्ष ठेवा. स्क्रिमेजच्या नादात मुख्य खेळाडूंना आठवड्यात जास्त मिनिटं झाली तर त्यांचा गेम शेप, म्हणजे सामन्यासाठीची तंदुरुस्ती, घसरतो आणि शनिवारी कुठलीच चाल लागत नाही.