अठराव्या वर्षानंतर विशेष शिक्षण सुरू ठेवण्यासाठी

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ३१ नुसार किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क ६ ते १८ या वयापुरताच मिळतो. म्हणून मुदतवाढीचा विनंती अर्ज मुख्याध्यापकांकडे सतराव्या वर्षीच द्यावा. त्यात कोणते कौशल्य अपुरे आहे ते नेमके लिहावे. उदाहरणार्थ, मुलगी ठाणे स्थानकात वाशीच्या लोकलचा फलाट ओळखते, पण तिकिटाचे उरलेले पैसे मोजून घेऊ शकत नाही. ‘अजून शिकायचे आहे’ एवढ्यावर फारसे काही हलत नाही. सोबत यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगत्वाच्या सरकारी ओळखपत्राची) प्रत व विशेष शिक्षकांचा अभिप्राय जोडावा आणि पोच घ्यावी.

नकार मिळाल्यास तो लेखी मागावा. दुसरा पर्याय म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था (एनआयओएस); तिथे दहावीसाठी कमाल वयोमर्यादा नाही.

बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असल्यास, सज्ञान झालेल्या मुलाच्या वतीने सही करण्यासाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खालील स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वाचा अर्ज करता येतो. वाशी-नेरूळच्या रहिवाशांसाठी ही समिती ठाणे जिल्ह्याची. खारघर मात्र रायगडमध्ये मोडते.