काळ्या अर्थव्यवस्थेचं मॉडेल बांधताय? या चुका टाळा

काळा पैसा म्हणजे गादीखालच्या नोटा, हे गृहीतक सगळ्यात महागात पडतं. 8 नोव्हेंबर 2016 ला रद्द झालेल्या 500 आणि 1000 च्या नोटा 15.41 लाख कोटी रुपयांच्या होत्या, त्यातल्या 15.31 लाख कोटींच्या बँकांत परत आल्या. काळं उत्पन्न दरवर्षी नव्याने तयार होतं: कच्च्या बिलावर विक्री होते, फ्लॅटचा करार रेडी रेकनरच्या आसपास दाखवून वरची रक्कम रोखीत घेतली जाते. मग ते जमिनीत नाही तर सोन्यात जातं. मॉडेलमध्ये उत्पन्न आणि साठा यांची समीकरणं वेगळी ठेवा.

रोखीच्या मागणीवरून काळ्या अर्थव्यवस्थेचा अंदाज काढण्याची पद्धत अर्थतज्ज्ञ व्हिटो तांझी यांच्यामुळे रूढ झाली. ती सोपी आहे, म्हणूनच जपून वापरा. 2020-21 मध्ये भारतात चलनाचं जीडीपीशी प्रमाण 14 टक्क्यांच्या वर गेलं. तुमचं मॉडेल म्हणेल, करचोरी बोकाळली. खरं तर कोविडच्या भीतीने लोकांनी रोकड हाताशी ठेवली होती आणि खाली भागायला घेतलेला जीडीपीच आकसला होता. उत्तर असं एकाएकी फुगलं तर आधी छेद तपासा. काळ्या आणि पांढऱ्या व्यवहारांत पैसा सारख्याच वेगाने फिरतो, असंही ही पद्धत बहुधा धरून चालते. त्याला आधार काय?

असंघटित म्हणजे काळं नव्हे. भाजीवालीचं उत्पन्न करपात्र मर्यादेखाली असतं, शेतीचं उत्पन्न प्राप्तिकरातून मुक्त आहे. यात चोरी कुठली? शिवाय असंघटित क्षेत्राचा बराचसा भाग जीडीपीत अंदाजाने आधीच धरलेला असतो. तो पुन्हा मिळवलात तर दुहेरी मोजणी झालीच.

व्याख्या न वाचता जुने आकडे एका आलेखात जोडणं हा तर नेहमीचाच प्रकार. राष्ट्रीय सार्वजनिक वित्त आणि धोरण संस्थेने 1985 च्या अहवालात 1983-84 साठी काळ्या उत्पन्नाचा जीडीपीच्या 19 ते 21 टक्के असा अंदाज दिला, पण तस्करी आणि लाचेचं उत्पन्न त्यात नव्हतं.

शेवटी वर्तनाचं समीकरण. करचोरीच्या 1972 च्या अ‍ॅलिंगहॅम-सँडमो मॉडेलमध्ये करदाता पकडलं जाण्याची शक्यता आणि दंड तोलून किती लपवायचं ते ठरवतो. पकडलं जाण्याची ही शक्यता सगळ्यांना सारखी लावू नका. नोकरदाराचा टीडीएस पगार हातात येण्याआधीच कापलेला असतो. दुकानदाराचा गल्ला तोच मोजतो. दोन गट करा, दोघांना वेगळ्या संभाव्यता द्या आणि मगच करदर बदलून मॉडेल चालवून पाहा.