खवले मांजराने अखेर तोंड लावलं

चिपळूणजवळच्या विहिरीतून काढलेलं खवले मांजर (पँगोलिन, अंगभर खवले असलेला प्राणी) वन खात्याच्या परवानगीने आमच्याकडे उपचाराला आलं. पहिले दोन दिवस आम्ही दूध आणि कुस्करलेलं उकडलेलं अंडं ठेवलं. त्याने थोडं दूध चाटलं आणि त्याला पातळ शी व्हायला लागली. मग ते अंगाचा चेंडू करून पडून राहिलं. मला रात्रभर झोप नाही.

चूक आमचीच होती. ह्या प्राण्याला दात नसतात, मुंग्या-वाळवीबरोबर गिळलेली माती आणि खडे पोटात दळायचं काम करतात. दूध पहिलं बंद केलं. आंब्यावरच्या तांबड्या मुंग्यांची पानांची घरटी अंड्यांसकट आणली, वारुळाचं एक ढेकूळ फोडलं आणि दोन्ही खोलीतल्या ओल्या मातीत पुरलं. तेही रात्री नऊनंतर, दिवा मालवून, कारण ते निशाचर.

अर्ध्या तासाने नखांची खरखर ऐकू आली. लांब, चिकट जीभ भेगेत सरसर आत-बाहेर होत होती! मी दाराआड श्वास धरून उभा.

रोज वारुळं फोडणं बरं नाही, म्हणून उरलेल्या मुंग्या फ्रीजरमध्ये ठेवल्या. चौथ्या दिवशी शी घट्ट, मातकट झाली. अकराव्या रात्री त्याला जंगलात सोडलं.