केशर बर्फावर दम करायची, म्हणजे त्याचा रंग-वास पाण्यात उतरवायची रीत

इराणमधल्या मशहदला राहायला आले तेव्हा मी केशराच्या काड्या सरळ उकळत्या दुधात टाकायचे. शेजारच्या खानुमने ते पाहिलं आणि पातेलंच माझ्या हातातून काढून घेतलं.

तिची रीत अशी. दहा-बारा काड्या, चिमूटभर साखर, पितळी खल. साखरेच्या कणांमुळे काड्या पटकन कुटल्या जातात. पार पूड व्हायला हवी. ती पूड छोट्या पेल्यात घालायची, वर बर्फाचे दोन खडे ठेवायचे आणि विसरून जायचं. बर्फ विरघळेल तशी लाल रेघ खाली उतरते, तासाभरात पाणी डाळिंबी होतं. घाई असेल तर गरम पाणी घ्या, पण खळखळतं नको. त्यात वासच उडून जातो. हे पाणी चहात किंवा भातावर घाला.

विकत घेताना 'सरगोल' मागा, म्हणजे नुसती लाल टोकं. 'दस्ते'त पिवळे देठही वजनात येतात, आणि एका ग्रॅमला दीडशेच्या आसपास फुलं लागतात!

केशर मेंदूला चांगलं का, असं विचाराल तर तेहरानच्या संशोधकांनी २०१० मध्ये अल्झायमरच्या ५४ रुग्णांवरची २२ आठवड्यांची चाचणी प्रसिद्ध केली. रोज ३० मिलिग्रॅम केशराच्या कॅप्सूल डोनेपेझिल या अल्झायमरवरच्या नेहमीच्या औषधाच्या तोडीस तोड ठरल्या. पण रुग्ण मोजकेच होते, त्यामुळे चालू गोळ्या बंद करायचा विचारही नको. गरोदरपणात किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.