जवळच्या चष्म्यांचा स्टँड करताय? आधी मोजायचा टेप हातात घ्या

ग्राहकाने स्वतः घालून बघायचे आणि स्वतःच निवडायचे वाचनाचे चष्मे असतात ना, त्यांचा स्टँड हे काम नवख्याच्या गळ्यात हमखास पडतं, कारण ते किरकोळ समजलं जातं. हुक, आरसा, वर ब्रँडची पाटी, खाली जड बेस. फ्लॅट-पॅक (सुटे भाग चपटे बांधून पाठवणं) कसं करायचं, शीट मेटल कुठे वाकवायचं, पेगमध्ये म्हणजे हुकांमध्ये किती जागा सोडायची हे तुम्हाला येतंच, त्यावर मी वेळ घालवत नाही. या कामाची गोम वेगळी आहे. ज्याच्यासाठी स्टँड बनवायचा त्यालाच तो नीट दिसत नाही. दिसत असता तर तो तिथे आलाच नसता.

चाळिशीनंतर डोळ्यातलं नैसर्गिक भिंग ताठर होत जातं, जवळ फोकस करायची ताकद घटते आणि साठीपर्यंत ती जवळजवळ संपते. असा माणूस दूरचं मात्र स्वच्छ बघू शकतो. म्हणून तुमची ब्रँडची पाटी त्याला दुकानाच्या दारातून वाचता येते आणि हातभर अंतरावरच्या हुकावरचं ‘+२.००’ येत नाही. त्यात वयाबरोबर डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोहोचणारा उजेडही कमी होतो. साठीतल्या डोळ्यात तो विशीतल्याच्या साधारण एक तृतीयांश उरतो. आपण मात्र तिशीच्या आतल्या डोळ्यांनी, स्क्रीनवर झूम करून, फिकट करड्यावर पांढरा आकडा ठेवतो आणि त्याला ‘प्रीमियम’ म्हणतो. ३ मिलिमीटर उंचीचा आकडा हुकावर ठेवणं म्हणजे तो न ठेवणंच. मी १० मिलिमीटरच्या खाली जात नाही, १२ मिळाले तर भांडून घेते. काळ्यावर पांढरा किंवा पांढऱ्यावर काळा, बस.

तपासायची युक्ती सोपी आहे. त्याच स्टँडवरचा +३.५० चा चष्मा स्वतः चढवा आणि ६० सेंटिमीटरवरून लेबलं वाचा. (दूरचा नंबर असेल तर तुमचा चष्मा काढू नका, त्याच्यावर हा धरा.) तरुण डोळ्यालाही हा धूसरपणा ताण देऊन घालवता येत नाही, ताण दिला तर तो वाढतोच. त्या अंतरावर अंधुकपणा येतो सुमारे १.८ डायॉप्टरचा (चष्म्याचा नंबर याच एककात असतो), म्हणजे साठीतल्या माणसाला तिथे जितका असतो जवळपास तितकाच. प्रत्येक लेबल या कसोटीतून काढा. पहिल्या वेळी धक्का बसेल, बसू दे.

आता ज्या खड्ड्यात मी पडले तो. यावर मी लांबण लावणार आहे, कंटाळा आला तरी वाचा.

स्टँडवर वाचायचा एक चार्ट असतो. ग्राहक एकेक चष्मा घालून तो वाचतो आणि ज्यातून स्वच्छ दिसेल तो नंबर घेतो. हा चार्ट बहुतेक जण स्टँडच्या माथ्यावर, आरशाशेजारी चिकटवतात. मीही तिथेच लावला होता. छपाई चोख, ओळी क्रमाने बारीक होत गेलेल्या. चष्मे खपले आणि मग बदलायला येऊ लागले. तक्रार एकच: दुकानात दिसत होतं, घरी दिसत नाही. सगळ्यांचा पहिला संशय मालावर. नंबर मशीनवर तपासले, ते बरोबर निघाले. उत्तर सापडलं ते दुकानात टेप घेऊन उभं राहिल्यावर. बेस पुढे आलेला, त्यामुळे पाय अडतात. त्यात चाळिशी लागलेला माणूस सवयीनेच थोडा मागे रेलतो. डोळ्यापासून चार्टपर्यंत अंतर भरत होतं ६५ ते ७० सेंटिमीटर. घरी तोच माणूस पुस्तक धरतो ४० सेंटिमीटरवर.

हिशोब करून बघा, कारण तो केल्याशिवाय हे डोक्यात बसत नाही. डायॉप्टर म्हणजे एक भागिले मीटरमधलं अंतर. ४० सेंटिमीटरला लागतात २.५०. ६७ सेंटिमीटरला लागतात १.५०. फरक पूर्ण १.०० चा. डोळ्यात थोडी लवचीकता उरली असेल तर ती दोन्हीकडून सारखीच वजा होते, फरक तसाच राहतो. पाव-पावच्या पायऱ्यांनी माल लावला असेल तर ग्राहक चार पायऱ्या खालचा चष्मा घेऊन घरी जातो, आणि स्टँडने त्याला तो अगदी प्रामाणिकपणे निवडून दिलेला असतो. भिंगात दोष नाही, ग्राहकाची चूक नाही, चार्टही ठीक. चुकलं ते फक्त अंतर, आणि अंतर ठरवतो तुमचा बेस.

यात भर घालणाऱ्या दोन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे चार्टवरची अक्षरं मोठी करा असा क्लायंटचा आग्रह. त्याचं मन चांगलं असतं, पण मोठं अक्षर चुकीच्या नंबरातूनही वाचता येतं. लेबल मोठं हवं, चार्ट बारीक हवा. लोक जे खरोखर वाचतात त्या मापाचा: ८ पॉइंटचा एक परिच्छेद आणि औषधाच्या वेष्टनावर असतो तसा ६ पॉइंटचा एक. दुसरी गोष्ट उजेडाची. झगझगीत प्रकाशात बाहुली आकसते आणि फोकसची खोली वाढते, म्हणून कमी नंबरातही काम भागतं. रात्री घरातल्या मंद दिव्याखाली ती सवलत संपते. दुकानाचे दिवे तुमच्या हातात नाहीत, पण हेडरमध्ये, म्हणजे माथ्यावरच्या पाटीत, एलईडीची पट्टी बसवून चार्ट आणखी उजळवण्याचा मोह तुमच्या हातात आहे. तो टाळा. चकचकीत लॅमिनेशनही टाळा, मॅट घ्या.

मग चार्ट कुठे ठेवायचा? पुढे आलेल्या एका दांडीवर, थोडा वर कललेला, ही कल्पना सगळ्यांना सुचते. डोळ्यांची उंची १५० सेंटिमीटर, चार्ट ११५ वर आणि शरीरापासून २० सेंटिमीटर पुढे धरला तर अंतर बरोबर ४० येतं. छान. आता डोळे १७० वर असलेला उंच माणूस आणा: अंतर ५८ च्या वर जातं आणि आपण पुन्हा त्याच खड्ड्यात. त्यामुळे माझं मत ठाम आहे की चार्ट ग्राहकाच्या हातात द्यायचा. जाडसर कार्ड, हलक्या दोरीला बांधलेलं, आणि दोरी एवढी लांब की कार्ड कुठेही धरलं तरी ओढ लागू नये. आपोआप गुंडाळणारी रीळ दिसायला देखणी असते, पण ती हात मागे खेचते आणि अंतर पुन्हा बिघडवते.

हातात कार्ड दिलं की सुटलो, असंही नाही. चाळिशीच्या माणसाचा हात आपसूक लांब जातो, वर्षानुवर्षांची सवय आहे ती. म्हणून कार्डावर ‘४० सेंटिमीटरवर धरा’ लिहून उपयोग नाही, तेवढं कुणी मोजत बसत नाही. चित्र काढा: कोपर कमरेला टेकलेलं आणि कार्ड समोर. ज्याला संगणकासाठी चष्मा हवा आहे त्याला हे अंतर लागू नाही, तो ६०–७० सेंटिमीटरवर बघतो. कार्डाच्या मागच्या बाजूला त्याच्यासाठी वेगळं चित्र द्या. कार्डं फाटतात, हरवतात. दोरीला साधी कडी ठेवा आणि पेटीत सुटी कार्डं टाका.

आरशातही हेच गणित लपलंय, तिकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. आरसा ५० सेंटिमीटरवर असला तर चेहरा दिसतो १०० सेंटिमीटरवर, कारण प्रतिबिंब आरशाच्या तेवढंच मागे असतं. +२.५० लावलेल्या साठीतल्या माणसाला ४० सेंटिमीटरच्या आसपासचं स्पष्ट दिसतं, मग स्वतःचा चेहरा त्याला धुक्यातच दिसणार. आरसा २०–२५ सेंटिमीटरवर आणता आला तरच तो दिसतो. म्हणजे आरशासमोर चेहरा जवळ नेता येईल अशी जागा हवी, आरसा पॅनलमध्ये खोल बसवायचा नाही. शिवाय प्रत्येक फ्रेमचा एक नमुना बिननंबरी भिंगाचा ठेवायला क्लायंटला सांगा: रूप त्यात बघायचं, नंबर कार्डावर ठरवायचा. फिरत्या स्टँडला आरसा फिरत्या भागावर लावू नका. पलीकडचा ग्राहक स्टँड फिरवतो आणि अलीकडच्याचा चेहरा निघून जातो. ॲक्रिलिकचा आरसा फुटत नाही, हलकाही असतो, पण ३ मिलिमीटरचा तुकडा नुसता टेपवर चिकटवला तर तो वाकतो आणि चेहरे फुगतात. मागे ताठ पाठ द्या.

मांडणी नंबरनुसार करावी की फ्रेमनुसार, यावर मीटिंगमध्ये तासभर वाद होईल. नंबरनुसार, उभ्या स्तंभांत. मधल्या नंबरांना, साधारण +१.५० ते +२.५० ला, जास्त हुक द्या. टोकांचे हळू खपतात. पण खरी अडचण पुढे येते. लोक चष्मा काढतात एका हुकावरून आणि ठेवतात दुसऱ्यावर. थोड्याच दिवसांत हुकावरचं लेबल आणि हुकावरचा चष्मा यांचा संबंध उरत नाही. चष्म्याच्या दांडीच्या आतल्या बाजूला नंबर छापलेला असतो, पण तो कुणाला दिसतो ते वर सांगितलंच. दांडीच्या टोकाला रंगीत टोपण आणि त्यावर ठळक आकडा असला की चुकीच्या स्तंभातला चष्मा कर्मचाऱ्याला लांबूनच खुपतो. नुसत्या रंगावर विसंबू नका. लाल-हिरव्यात गोंधळणारे पुरुष बरेच असतात आणि वयाबरोबर निळ्या छटाही ओळखायला जड जातात. चोरीचा टॅग नाकावरच्या ब्रिजला अडकवणाऱ्याला तर तोच चष्मा घालून पानभर वाचायला लावावं. टॅग दांडीला, आणि भिंगावरचा स्टिकर अगदी कडेला.

स्टँड कलंडण्याबद्दल थोडक्यात. एका चष्म्याचं वजन २०–३० ग्रॅम, म्हणजे माल भरल्याने स्टँड फार जड होत नाही. त्याला पाडतात ती ओढणारी माणसं. ४० सेंटिमीटरचा चौकोनी बेस आणि गुरुत्वमध्य ९० सेंटिमीटरवर असला तर तो साडेबारा अंशांवर कलंडतो, मला तेवढं कमी वाटतं. पाच पायांचा बेस घेतलात तर पायाची पूर्ण लांबी हिशोबात धरू नका: दोन टोकांना जोडणारी रेषा मध्यापासून त्या लांबीच्या ८१ टक्क्यांवर असते, चार पायांत ७१. बेस रुंद केला की ग्राहक मागे सरकतो, पण चार्ट हातात असल्यामुळे आता त्याची फिकीर नाही. माझ्या मते या सगळ्या कामातलं सर्वांत मोठं सुख हेच.

तुम्हाला कुणीतरी पुरवठादाराची तयार फाइल देईल, ‘यावर लोगो बदल आणि पाठव’ म्हणेल. त्यातली पेगची मापं जरूर घ्या, ती घासूनपुसून तयार झालेली असतात. चार्टची जागा घेऊ नका. आणि रेंडर (संगणकावरचं चित्र) बघून ‘मस्त’ म्हणणाऱ्या सीनियरपेक्षा फॅब्रिकेटरच्या शेडमध्ये उभा राहून ‘हा वेल्ड लोकांच्या हाताला लागेल’ म्हणणारा माणूस गाठा, मग त्याला सॉफ्टवेअर उघडता येत नसलं तरी चालेल. फोमबोर्डचा पूर्ण मापाचा मॉकअप करा आणि पंचेचाळिशीच्या पुढची माणसं समोर उभी करा. काहीही समजावून सांगू नका, फक्त बघा आणि अंतर मोजा. यातलं काहीही कठीण नाही, हे मुद्दाम सांगते, कारण माझ्यासारखेच तुम्हीही एखाद्या संध्याकाळी आपल्याला हे काम जमतच नाही अशा निष्कर्षावर पोहोचाल. जमतं. प्रकाशशास्त्राचं जेवढं लागतं ते वर एका परिच्छेदात मावलं.

तयार चष्म्याच्या मर्यादा मात्र कार्डावर छापाच. दोन्ही डोळ्यांना एकच नंबर, सिलिंडर (दृष्टिवैषम्याचा नंबर) नाही, भिंगांच्या केंद्रांमधलं अंतर ठरावीक. दोन डोळ्यांत फरक असलेल्याला तुमचा सर्वोत्तम स्टँडही मदत करू शकत नाही, आणि ही डोळ्यांची तपासणी नव्हे हे त्याला ठळक अक्षरांत कळायला हवं. अशा तयार वाचनाच्या चष्म्यांसाठी आयएसओ १६०३४ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. विक्रीचे नियम देशागणिक वेगळे असतात, ते क्लायंटकडून लेखी मागून घ्या.

पहिल्या मीटिंगमध्ये आणखी दोन प्रश्न विचारा. परत आलेल्या चष्म्यांची कारणं कुणी लिहून ठेवतं का? ठेवत असेल तर ती वही क्लायंटने लिहून दिलेल्या ब्रीफपेक्षा मोलाची. आणि दुकानात स्टँड कशाने पुसतात? लेझरने कापलेल्या ॲक्रिलिकच्या कडांमध्ये ताण राहिलेला असतो, अल्कोहोलचं सॅनिटायझर लागलं की तिथे बारीक तडे जातात. अमोनियाचा काचेचा स्प्रेही ॲक्रिलिकला चालत नाही. पुसायचं पाणी आणि सौम्य साबणाने, मऊ कापडाने, आणि हे स्टँडच्या पाठीवर छापा. तिथेही आकडे-अक्षरं मोठीच, कारण पुसणारा माणूसही कदाचित चाळिशीचा असेल.