फॉरमॅट करूनही व्हायरस परत येतो? बायॉसला हात लावण्याआधी या चुका टाळा

फॉरमॅट केल्यावर दोन दिवसांत व्हायरस परत आला, की ‘बायॉसमध्येच (मदरबोर्डवरच्या चिपमधला, कॉम्प्युटर सुरू करणारा प्रोग्राम) शिरलाय’ म्हणून लगेच तो फ्लॅश करायला, म्हणजे चिपवर नव्याने लिहायला घेतात. ही पहिली चूक. फर्मवेअरमध्ये, म्हणजे बायॉससारख्या चिपमधल्या प्रोग्राममध्ये, बसणारे व्हायरस खरेच असतात. २०१८ साली उघडकीस आलेला लोजॅक्स नावाचा व्हायरस मदरबोर्डवरच्या चिपमध्ये राहायचा, त्यामुळे हार्ड डिस्क बदलूनही जात नसे. पण असे हल्ले विरळा. बहुतेकदा व्हायरस परत येतो तो जुन्या पेनड्राइव्हमधून नाहीतर विंडोज फुकटात चालू करून देणाऱ्या ‘अ‍ॅक्टिव्हेटर’मधून. दुसऱ्या, स्वच्छ कॉम्प्युटरवर पेनड्राइव्ह बनवून विंडोज टाका आणि जुना डेटा न जोडता पाहा. तरीही तीच लक्षणं दिसली, तर फर्मवेअरचा संशय घ्या.

सिमॉस (बायॉसची सेटिंग साठवणारी मेमरी) क्लिअर करून भागत नाही. त्याने फक्त सेटिंग पुसतात, चिपमधला प्रोग्राम तसाच राहतो.

दुरुस्तीच्या वेळी सिक्युअर बूट (कॉम्प्युटर सुरू होताना फक्त विश्वासू सही असलेलं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) बंद करतात आणि परत चालू करायचं राहून जातं. ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडून ‘सिक्युअर बूट स्टेट’समोर ‘ऑन’ आहे ना ते बघा. मालवण-रत्नागिरीकडच्या खाऱ्या, दमट हवेत बोर्डावरच्या सीआर२०३२ या नाण्यासारख्या सेलचे संपर्क गंजतात. सेल उतरला की तारीख चुकते आणि बऱ्याच डेस्कटॉपची सेटिंग मूळपदावर जातात. सेल बदलल्यावर सिक्युअर बूट पुन्हा तपासा, बायॉसला पासवर्डही घाला.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते बायॉस अपडेट करताना लाईट गेल्यामुळे. अर्धवट लिहिलेल्या चिपवर मशीन उठतच नाही. मे अखेरीस वा ऑक्टोबरात, संध्याकाळी गडगडाट सुरू असताना अपडेट करूच नका. लॅपटॉप चार्ज करून चार्जर लावूनच ठेवा. डेस्कटॉप यूपीएसवर घ्या आणि आधी प्लग काढून यूपीएस खरंच तग धरतो का ते पाहा. घरच्या इन्व्हर्टरवर भिस्त असेल तर त्याचा स्विच ‘यूपीएस मोड’वर हवा. साध्या मोडमध्ये लाईट जाताच कॉम्प्युटर रीस्टार्ट होऊ शकतो.

फाइल फक्त उत्पादकाच्या साइटवरून, मॉडेल आणि बोर्डाचं रिव्हिजन दोन्ही जुळवून घ्या. साइटवर एसएचए-२५६ (फाइल जशीच्या तशी आहे का ते तपासायचा कोड) दिला असेल तर ताडून बघा. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर आधी ‘सस्पेंड’, म्हणजे तात्पुरता बंद करा आणि ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. नाहीतर अपडेटनंतर विंडोज तीच मागत बसते.

प्रोग्रामर यंत्र जोडून चिप बाहेरून प्रोग्राम करायची वेळ आलीच, तर कुठून तरी मिळालेली ‘बिन’ फाइल (चिपमधल्या मजकुराची नक्कल) घालू देऊ नका. तिच्यात काय आहे कुणालाच ठाऊक नसतं, शिवाय मशीनचा सिरियल नंबरही जातो. प्रोग्रामरची क्लिप चिपला लावण्याआधी चार्जर, बॅटरी आणि सेल काढा. मूळ चिप दोनदा वाचून दोन्ही फाइली एकसारख्या आल्या तरच पुढे लिहा. चिप १.८ व्होल्टची असेल तर मध्ये व्होल्ट कमी करणारा अ‍ॅडॉप्टर घाला. थेट ३.३ व्होल्ट दिले तर ती जळू शकते.